आधी वाच, मग बोल?

माझा धाकटा भाऊ मला कधीच टाइप करून मेसेज पाठवत नाही. व्हॉइस नोट पाठवतो. चार मिनिटांची, सहा मिनिटांची, एकदा तर अकरा मिनिटांची. कापसाला काय भाव मिळाला, माय कुणावर रागावली, गॅरेजात आलेल्या ट्रॅक्टरचं नेमकं काय बिघडलं होतं, टिपेश्वरच्या बाजूला वाघ दिसल्यावर जागलीला कोण गेलं आणि कोण घरात लपलं, सगळं. पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावून मी हे ऐकतो. माझ्या रूममेट्सना वाटतं, पोरगं भारी बोलघेवडं आहे. आहेच. पण व्हॉइस नोटचं खरं कारण वेगळं आहे. नववीपर्यंत शाळेत जाऊनही त्याला धड वाचता-लिहिता येत नाही.

आणि हाच मुलगा शाळेत नऊ वर्षं जवळपास मुका होता.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की मला राग येतो. आधी स्वतःचा, मग आपल्या सगळ्यांचा. हा लेख त्या रागातून लिहिला आहे, हे आधीच सांगतो.

पोट दुखते

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं. कागदावर तालुका केळापूर, एसटीच्या पाटीवर पांढरकवडा. हायवेने उत्तरेला गेलं की नागपूर, दक्षिणेला गेलं की तेलंगणा. आजूबाजूला कापूस, तूर, आणि कोलाम-गोंडांचे पोड. शाळा जिल्हा परिषदेची.

मराठीच्या तासाला पाळीपाळीने वाचायला लावत. एका मुलाने एक परिच्छेद, मग मागच्याने पुढचा. तुम्हीही हे केलं असेल, कंटाळत केलं असेल. माझ्या भावासाठी तो तास कसा होता, हे मला कळायला २०२५चा पोळा उजाडला. बैल धुऊन झाल्यावर नाल्याच्या काठावर बसलो होतो. मी सहज विचारलं, तुला शाळेतलं काय आठवतं? तो म्हणाला,

"दादा, मी कधी धडा आयकलाच नाही. माह्याआधी किती पोट्टे आहेत तेच मोजत राहो. मंग माह्या वाट्याले कोनता परिच्छेद येते ते पाहो, बाजूच्याले हळूच इचारो, अन् पाठ करो. पन मंदात एखादा पोट्टा गैरहाजर निघाला का सारा हिशेब चुके."

आठ-नऊ वर्षांचं पोर भर तासात हा हिशेब करत होतं. रोज. आणि गुरुजींच्या नोंदीत काय, तर 'लक्ष देत नाही'.

तिसरीपासून त्याचं पोट दुखायला लागलं. शाळेची वेळ झाली की दुखायचं. जंताच्या गोळ्या झाल्या. यवतमाळला नेऊन सोनोग्राफी झाली. केळापूरच्या जगदंबेला नवस झाला. रिपोर्ट नॉर्मल, देवीही शांत. रविवारी पोट दुखत नव्हतं, दिवाळीच्या सुट्टीत तर एकदाही नाही. हा पॅटर्न ओळखायला इंजिनिअर लागत नाही. पण आम्ही त्याच्या पोटाला विचारलं, त्याला कुणीच विचारलं नाही. शेवटी घरात ठरलं की पोरगं नाटकी आहे.

शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. भाऊ पुढे ढकलला गेला. २०१६ मध्ये नववीत आपटला आणि घरी बसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. १९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात एकवीस झाले आणि त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' पहिल्यांदा आली, म्हणजे डिस्लेक्सिया आणि त्याची भावंडं. आमच्या घरी या बातमीचा पत्ता नव्हता.

न वाचणारी सगळी पोरं एकसारखी नसतात

भावाला डिस्लेक्सिया होता की आणखी काही, हे आम्हाला आजही माहीत नाही. कुणी तपासलंच नाही. आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण 'वाचता येत नाही' या एका वाक्यात तीन वेगळी मुलं लपलेली असतात.

पहिलं मूल डिस्लेक्सियाचं. बुद्धी ठीक, डोळे ठीक, कान ठीक, पण मेंदूला अक्षर आणि आवाज यांची गाठ बांधायला जड जातं. ही काही मोबाइलमुळे आलेली नवी फॅशन नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिकत छापली. खेळात चपळ, गणितात बरा, पण स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट लिहायचा. त्याच्या शिक्षकाचं मत होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता. मला भावाच्या व्हॉइस नोट्स ऐकताना हा पर्सी आठवतो.

आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते म्हणून सोपी, असं आपण मानतो. पण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' शेजारी ठेवून पाहा. पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. रफार ज्या अक्षरावर बसतो, त्याच्या आधी बोलायचा. ज्याचा मेंदू मुळात क्रमाशी झगडतोय, त्याच्यासाठी 'किर्र' हा शब्दसुद्धा घाट आहे.

दुसरं मूल पोडावरचं. घरी कोलामी किंवा गोंडी. या दोन्ही द्राविडी कुळातल्या भाषा, मराठीशी नातं दूरचं. तांड्यावर गोरमाटी. हे मूल पहिलीत येतं आणि त्याच्यासमोर अनोळखी अक्षरं येतात, तीही अनोळखी भाषेतली. त्यातलं एखादं आश्रमशाळेत राहायला जातं. म्हणजे रात्री रडू आलं तरी कुणाजवळ आपल्या भाषेत रडायची सोय नाही. याला आपण 'मागे पडलेलं' म्हणतो.

तिसरं मूल असं, ज्याला नीट शिकवलंच गेलं नाही. ही संख्या सर्वांत मोठी. 'असर'च्या २०२२च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्के झालं. सुधारणा आहे, आनंद आहे. पण चारातली जवळपास तीन मुलं अजून अलीकडच्या काठावरच आहेत. इतक्या सगळ्यांना डिस्लेक्सिया असणं शक्य नाही.

तिघांवरचा शैक्षणिक उपाय वेगळा आहे. पण तिघंही वर्गात एकच गोष्ट करतात, ती म्हणजे लपतात. पोटदुखी, दंगा, खोटं हसू, मागचा बाक, 'पेन विसरलो'. तिघांच्याही मनात एकच वाक्य शिजत असतं, की माझ्यातच काहीतरी खोट आहे. आणि ते वाक्य बाहेर काढायला शाळेत कुणी नेमलेलं नाही.

माझ्या कोडमध्ये तो कॉलम नव्हता

मी दुसऱ्यांना नावं ठेवतोय असं वाटायला नको, म्हणून माझ्या कामाचंही सांगतो. एका कंपनीत मी मुलांचं वाचन तपासणाऱ्या अ‍ॅपवर काम केलं. मूल फोनसमोर परिच्छेद वाचतं, अ‍ॅप आवाज ऐकतं आणि मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते सांगतं. चुकलेला शब्द लाल. रोज वाचलं तर आगीचं चिन्ह, एक दिवस चुकला तर आग विझली.

त्या डेटाबेसमध्ये मुलाबद्दलचे शेकड्याने कॉलम होते. कुठल्या शब्दावर किती मिलिसेकंद अडखळलं, हेही होतं. मूल शेवटपर्यंत न वाचता अ‍ॅप बंद करून गेलं, तर आम्ही त्याला 'ड्रॉप-ऑफ' म्हणायचो आणि बटणाचा रंग बदलून पाहायचो. ते का गेलं, घाबरून की लाजून, हे विचारणारा एकही कॉलम नव्हता. मी एकदा मीटिंगमध्ये तसं म्हटलं. उत्तर मिळालं, 'हे आपल्या स्कोपमध्ये येत नाही.' मी मान डोलावली आणि पुढचं तिकीट उचललं. लाल रंगाचा तो कोड माझ्याच हातचा आहे.

सरकारी यंत्रणेचंही तसंच आहे. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' २०१५ मध्ये आला, 'निपुण भारत' २०२१ मध्ये. चाचण्या, स्तर, तक्ते. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाळणी करायची. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक. या गोष्टी हव्याच आहेत, त्यांची मी टिंगल करत नाही. मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्था झटल्या, सायनच्या महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी खास क्लिनिक उभं राहिलं, डॉ. सुनील कारंडे यांच्यासारख्या डॉक्टरांनी या मुलांच्या एकूण जगण्यावर आणि त्यांच्या आयांच्या चिंतेवर संशोधन केलं. त्रास मार्कांपुरता नसतो, हे मुंबईला कधीच कळलंय. पांढरकवड्यापासून मुंबई सातशे किलोमीटरच्या पुढे आहे, एवढाच काय तो फरक.

आक्षेप येणार, येऊ द्या

पहिला आक्षेप: 'आधी वाचायला शिकवा, भावनांचं नंतर बघू.' यातल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. समुपदेशन हा शिकवण्याला पर्याय नाही. आठवड्याला तास-दीड तास गोड बोलून पोराला वाचता येणार नाही, त्याला नीट, पद्धतशीर, आवाजापासून अक्षरापर्यंत शिकवावंच लागेल. पण 'नंतर' हा शब्द मला मान्य नाही. फोनमध्ये मागे एखादं जड अ‍ॅप चालू असलं की पुढचं काहीच धड उघडत नाही, हे तुम्ही रोज बघता. भीती ते अ‍ॅप आहे. अक्षरं जुळवायला मनातली जी जागा लागते, तीच भीती खाते. माझा भाऊ पोरं मोजत होता, धडा कधी ऐकणार?

दुसरा आक्षेप: 'आमच्या वेळी गुरुजी फोडून काढायचे, आम्ही शिकलोच ना.' हो, जे शिकले ते आज हे वाक्य बोलायला हजर आहेत. जे शिकले नाहीत, ते कधीच घरी गेले. ते फेसबुकवर पोस्ट लिहीत नाहीत. लिहिता येत असतं तर लिहिली असती.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: 'समुपदेशक आणायचे कुठून?' जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शंभरपेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. आता आमच्या तालुक्यातल्या शाळा डोळ्यांसमोर आणा. कुठे चाळीस पोरं, कुठे अठरा. म्हणजे आमच्या वाट्याला 'बाहेरची जोडणी' येणार. ती म्हणजे काय, तर भीती अशी की भिंतीवर एक फोन नंबर. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, चांगला आहे, मोठ्यांनी जरूर वापरावा. पण आठ वर्षांचं कोलाम पोर भिंतीवरचा नंबर वाचून, मायचा फोन मागून, अनोळखी माणसाला 'मला वाचनाच्या तासाची भीती वाटते' असं सांगेल, अशी कल्पना ज्याला सुचते त्याने एकदा पोडावर येऊन जावं.

आणि माणसं नाहीतच, हेही मला पटत नाही. आमचा जिल्हा देशाला कशासाठी माहीत आहे, ते वेगळं सांगायला नको. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा राज्याने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याला विचारू लागल्या, झोप लागते का, मन कशात लागतं का. म्हणजे या मातीतल्या माणसाला मन असतं आणि त्याबद्दल दारात जाऊन विचारावं लागतं, हे सरकारने इथेच मान्य केलंय. मग पंचेचाळिसाव्या वर्षी बापाला विचारायचं, आणि आठव्या वर्षी पोराला विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

कागद बाजूला ठेवा

समुपदेशन म्हटलं की आपल्याकडे फॉर्म येतो. 'खालील वाक्ये पूर्ण करा: मला भीती वाटते जेव्हा...' ज्याला वाचता येत नाही म्हणून भीती वाटते, त्याला ही भीती लिहून दाखवायला सांगायची! 'मनातलं डायरीत लिहा' हा सल्ला तर प्रत्येक शिबिरात ऐकू येतो. माझ्या भावाला तो मिळाला असता तर त्याने आणखी एक वही हरवली असती.

बोलायला वाचता यावं लागत नाही. माती द्या. आमच्याकडची पोरं पोळ्याला मातीचे बैल करतात. तो बैल हातात असताना 'हा बैल शाळेत गेला तर काय होईल?' असं विचारून बघा. स्वतःबद्दल जे बोलणार नाहीत ते बैलाबद्दल बोलतील. चित्र काढू द्या, पण नंबर देऊ नका आणि भिंतीवर लावू नका. फोनवर रेकॉर्ड करू द्या, आणि ते पोरासमोरच पुसून टाका. राग, लाज, भीती, कंटाळा यांना त्याच्या घरच्या भाषेत काय म्हणतात ते त्याच्याकडूनच शिका. कोलामी येत नसेल तर कोलामी येणारी सातवीतली ताई शेजारी बसवा, पण गावातल्या कुणाला दुभाषा करताना आधी त्या पोराला विचारा. आणि जे ऐकलं ते स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाटू नका.

त्याला लगेच 'तू हुशार आहेस रे' असंही म्हणू नका. त्याला ते खोटं वाटतं. त्यापेक्षा, 'वाचताना पोटात गोळा येतो ना? बऱ्याच जणांना येतो. तुझा कधी येतो?' इथून सुरुवात करा. भावाला मी विचारलं होतं, तेव्हा कुणी काय म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं? तो म्हणाला, "पोट खरंच दुखते, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं."

वर्गात एक बदल तर उद्यापासून, एक रुपया न खर्चता होऊ शकतो. अचानक उठवून मोठ्याने वाचायला लावणं बंद करा. मुलाला आदल्या दिवशी सांगा, उद्या या चार ओळी तुझ्या. किंवा 'आज नको' म्हणायची मुभा द्या. आणि गट साधन केंद्रावर समावेशित शिक्षणाचे जे विशेष शिक्षक आहेत, त्यांना माहिती भरण्याच्या कामातून सोडवा, या कामाचं प्रशिक्षण द्या, ठरावीक वारी ठरावीक शाळेत पाठवा. दर आठवड्याला तोच माणूस यायला हवा. दर वेळी नव्या माणसापुढे मन उघडायला मूल काही हेल्पडेस्क नाही.

प्रत्येक जण ईशान नसतो

'तारे जमीं पर' २००७च्या डिसेंबरात आला. डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात नेला, त्याबद्दल त्याचे उपकार आहेत. पण त्याने एक खोड लावून ठेवली. ईशान शेवटी चित्रकलेत पहिला येतो. तेव्हापासून वाचता न येणारं पोर दिसलं की आपण त्याच्यातला छुपा कलाकार शोधायला लागतो. माझ्या भावाबद्दलही लोक मला म्हणतात, "पण इंजिन भारी खोलत असेल ना?" नाही हो. तो साधा मेकॅनिक आहे. बरा आहे. कधी कधी बोल्ट उरतात.

त्याचं दुःख ऐकून घेण्यासाठी त्याने आधी कशात तरी पहिलं यावं, ही अट कशाला? वाचनाची अट काढून कलेची घातली, तर पोराच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच राहिलं.

हा लेख भावाला वाचता येणार नाही, म्हणून मी तो पूर्ण वाचून रेकॉर्ड केला आणि पाठवला. तासाभराने उत्तर आलं. आधी हसला, म्हणाला, एवढं लंबं कोन आयकते बाप्पा. मग थोडा वेळ नुसता गॅरेजाचा आवाज. मग म्हणाला,

"सारं सांगतलं दादा तू. पन पट्टीचं काहून नाही सांगतलं?"

तर पट्टीचं. तो तिसरीत होता, मी सातवीत. मायने त्याचा अभ्यास माझ्याकडे दिला होता. तो अडला की मी लाकडी पट्टीने त्याच्या बोटांवर मारायचो, ज्या बोटाने तो ओळ धरून ठेवायचा त्यावरच. सगळ्या गल्लीत त्याला 'ढ' मीच म्हणायला लावलं. पहिल्या मसुद्यात मी हे लिहिलं नव्हतं. गुरुजी, शाळा, सरकार, कंपनी, सगळ्यांचं लिहिलं, माझं गाळलं.

मला उत्तर टाइप करायची सवय आहे. या वेळी मीही व्हॉइस नोट पाठवली. बारा सेकंदांची झाली. त्याने ती ऐकल्याच्या निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही, आणि मी घाई करत नाहीये.